गालिच्यावरील व्यायामशाळा

व्यायाम करणाऱ्या मनुष्यानें आपल्या पायांखालीं काय आहे ह्याचा विचार करावा, हें लिहिण्यास आम्हांस एका पत्रानें प्रवृत्त केलें. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आज कित्येक वर्षें इंग्लंडांतील लेस्टर शहरीं नोकरीनिमित्त राहतो. त्याच्या मातोश्री येथून त्याच्याकडे राहावयास गेल्या, तेव्हां त्यांचें वय सत्तर वर्षांचें होतें. गुडघे धरलेले, तोल थोडा जाणारा. म्हणून तेथील डॉक्टरांनीं त्यांस हात न टेंकतां खुर्चीवरून उठणें-बसणें, टांचा उचलणें, एका पायावर क्षणभर उभें राहणें असे साधे व्यायाम सांगितले होते. मुलानें घराच्या वरच्या मजल्यावरील एक लहान खोली ह्या कामाकरितां रिकामी केली. त्याच खोलींत स्वतःकरितां डंबेल्स, एक बांक, लोखंडी दांडा व चकत्या ही सामग्री त्यानें मांडली; धांवण्याचें यंत्र, म्हणजे ट्रेडमिल, घेण्याचाहि त्याचा विचार होता. खोलींत भिंतीपासून भिंतीपर्यंत फिकट रंगाचा गालिचा बसविलेला होता, आणि तो घरमालकाचा होता. तो खराब होऊं नये म्हणून मुलानें रंगीत फोमचे, एकमेकांत दांते अडकविण्याचे चौकोन आणून वर पसरले. महिन्याभरांत सांधे उकलले, कोपरे वर आले, आणि एके सकाळीं अशाच एका कोपऱ्यांत अंगठा अडकून मातोश्री हातावर पडल्या. मनगटाचें हाड मोडलें.

“सर, दाब आणि क्षेत्रफळ आपणच आम्हांस शिकविलेंत. आतां ह्या खोलीचें गणित सांगा. मीं खालीं काय घालावें?” असें त्यानें विचारलें. आम्हीं त्यास लिहिलेलें उत्तर थोडें वाढवून येथें देत आहों. शहाबादी फरशीवर वा टाइल्सवर वावरणाऱ्यांस हा प्रश्न परका वाटेल; परंतु ह्या अंकाच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें व नातवंडें आज असल्याच गालिच्यांच्या घरांत आहेत, आणि आईवडील महिने महिने तेथें जाऊन राहतात.

प्रथम हा गालिचा म्हणजे काय तें पाहूं. लग्नकार्यांत आपण अंथरतों ती सतरंजी सकाळीं पसरावी आणि संध्याकाळीं झटकून घडी करून ठेवावी अशी असते. इंग्लंडांतील घरांतला गालिचा एकदां बसला कीं वर्षानुवर्षें उचलला जात नाहीं. भिंतीच्या कडेनें लांकडाच्या अरुंद पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यांतून तिरप्या खिळ्यांचीं टोंकें वर आलेलीं असतात, व त्यांवर गालिचा ताणून अडकविलेला असतो. त्याखालीं फोमचा किंवा नमद्याचा सुमारें एक सेंटिमीटर जाडीचा थर, त्याखालीं लांकडी फळ्यांची जमीन, आणि तिच्याखालीं तुळया, ही वरच्या मजल्यावरील नेहमींची रचना. असें भिंतीपर्यंतचें आच्छादन पूर्वीं श्रीमंतांसच परवडे. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत डाल्टन येथें कॅथरिन इव्हान्स नांवाच्या मुलीनें १८९५ सालीं सुईनें धाग्यांचे झुबके काढून एक पलंगपोस तयार केला. त्या हस्तव्यवसायापासून पुढें यंत्रें निघालीं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तशाच रुंद यंत्रांवर गालिचे भराभर होऊं लागले. किंमत उतरली, आणि थंड हवेच्या देशांत लोकांनीं घरेंच्या घरें मढवून काढलीं. ब्रिटनमध्यें एके काळीं न्हाणीघरांतहि गालिचा घालण्याची टूम होती, हें ऐकून आमच्या घरांतील स्त्रीवर्गास हसूं आवरेना.

पायांस जें मऊ लागतें तें सुरक्षित, अशी आपणां सर्वांची समजूत असते. व्यायामाच्या बाबतींत ती बहुतांशीं चुकीची आहे. ह्याचा प्रत्यय घ्यावयाचा असेल तर मुलांनीं घरीं एक प्रयोग करावा. मात्र शेजारीं वडील माणूस व हाताशीं भिंत असावी. आधीं उघड्या फरशीवर एका पायावर उभें राहावें व मनांत आंकडे मोजावे. मग जाड गोधडीच्या चार घड्या करून तिजवर तसेंच उभें राहावें. गोधडीवर घोटा सारखा हेलकावे खातो. तोल सांवरण्यास मेंदूला तळपायाकडून जी वर्दी लागते ती मऊ पृष्ठभागावर अस्पष्ट होते, आणि ज्यावर पाय रेटावयाचा तेंच खालून हलत असतें. तरुणास हा खेळ वाटेल. सत्तरीच्या बाईंस तो पडण्याचा प्रसंग आहे. खांद्यावर साठ किलोग्रॅमचा दांडा घेऊन बैठका मारणाऱ्या तरुणासहि तो तसाच.

आपल्याकडील तालमींस हा भेद जुनाच ठाऊक आहे. हौद्यांतील तांबडी माती चाळून तींत तेल, ताक, हळद घालतात आणि ती खणून मोकळी करीत राहतात. परंतु ती मोकळी माती पडणाऱ्या अंगासाठीं असते. मुद्गल फिरविणारा गडी घट्ट जमीन पाहून उभा राहतो. पडण्याची जागा निराळी, उभें राहण्याची निराळी. गालिच्याच्या खोलींत ह्या दोन्ही जागा एक होतात, आणि सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

आतां गणित. बांकाला चार पाय. प्रत्येक पायाचा तळ ५ सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद धरला तर चारी पायांचें क्षेत्रफळ मिळून १०० चौरस सेंटिमीटर होतें. बांकाचें वजन २०, वर निजणाऱ्याचें ७०, आणि त्याच्या हातांतील दांड्याचें ६०, असें १५० किलोग्रॅम ओझें तेवढ्यावर येतें. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास दीड किलोग्रॅम. तोच बांक १२० सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद, न वांकणाऱ्या फळीवर ठेवला तर ओझें १४,४०० चौरस सेंटिमीटरांवर पसरतें, आणि दर चौरस सेंटिमीटरास दहा ग्रॅमांच्या जवळपास येतें. खरी फळी थोडी वांकतेच, म्हणून भार इतका सारखा वांटला जात नाहीं. तरी अंतर केवढें आहे तें लक्षांत यावें. फोमचा चौकोन हें काम करूं शकत नाहीं. तो स्वतः दबतो, आणि ओझें जेथल्या तेथें खालीं पोंचवितो. वरून चौकोन नीट दिसतो व खालीं गालिच्याचे तंतु चिरडत असतात. चेपलेल्या तंतूंवर बर्फाचा खडा विरघळूं देऊन मग ते बोटांनीं उभारले तर खूण पुष्कळ अंशीं जाते, असा एक घरगुती उपाय आहे. परंतु त्याखालचा थर एकदां बसला कीं बर्फाचें कांहीं चालत नाहीं.

ही ठेवलेल्या ओझ्याची गोष्ट झाली, पडणाऱ्याची निराळी. २० किलोग्रॅमचें डंबेल एक मीटर उंचीवरून सुटलें आणि जमिनीनें तें एक सेंटिमीटरांत थांबविलें, तर त्यास लागणारा सरासरी जोर डंबेलच्या वजनाच्या सुमारें शंभरपट, म्हणजे दोन हजार किलोग्रॅमांच्या भाराएवढा असतो. थांबण्याचें अंतर दोन सेंटिमीटर केलें कीं तो निम्म्यावर येतो. पडण्याच्या उंचीस थांबण्याच्या अंतरानें भागावें, एवढाच हा हिशेब. रबराचा उपयोग ह्यासाठीं. मात्र वीस मिलिमीटर जाडीचें रबर पुरे वीस मिलिमीटर दबत नाहीं, हें विसरूं नये. लांकडी घरांत वजन हातांतून टाकण्याची संवय रबराच्या भरंवशावर लावून घेणें शहाणपणाचें नव्हे. खालच्या खोलींतील छतास व तेथें बसलेल्या माणसांस तो दणका पोंचतोच.

रबराविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण त्याच्या खोडी दुकानदार सांगत नाहीं. कच्चें रबर उष्णतेनें चिकट व थंडीनें ताठ होतें. तें गंधकासह तापविलें असतां टिकाऊ होतें, हा शोध अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर ह्यांस १८३९ सालीं लागला व त्याचें पेटंट त्यांस १८४४ सालीं मिळालें. आज व्यायामशाळांत दिसणाऱ्या काळ्या लाद्या पुष्कळदां जुन्या टायरांचा चुरा चिकटद्रव्य घालून दाबून केलेल्या असतात. म्हणून नव्या लादीस उग्र वास येतो. ती कांहीं दिवस मोकळ्या हवेंत ठेवून मगच खोलींत आणावी. दुसरी खोड अधिक वाईट. रबरांतील द्रव्यें हळूहळू खालच्या पृष्ठभागांत उतरून पिवळट डाग पाडतात. विनाइलच्या जमिनीवर पडलेला असा डाग धुऊन जात नाहीं. घरमालकाच्या फिकट गालिच्यावर रबर सरळ अंथरण्याचें धाडस कोणी करूं नये. तिसरी अडचण अशी कीं, गालिच्यावर नुसत्या अंथरलेल्या लाद्या फोमच्या चौकोनांप्रमाणेंच सरकतात. उशीरा सरकतात, इतकेंच.

तेव्हां गालिचा व रबर ह्यांमध्यें कांहीं तरी ताठ पाहिजे, आणि तें म्हणजे प्लायवुड. तें भार पसरतें, डाग अडवितें, आणि वर उभ्या राहणाऱ्या पायांस घट्ट आधार देतें. ट्रेडमिललाहि तेंच हितकर. नुसत्या गालिच्यावर तें यंत्र डुलतें, खालून हवा मिळत नाहीं, आणि उडालेले तंतु व धूळ मोटरींत ओढली जाते.

प्लायवुडखालीं प्लास्टिकचा कागद पसरण्याची सूचना आमच्या विद्यार्थ्यास कोणी मित्रानें केली होती. ती आम्हीं मोडून काढली. हिवाळ्यांत तेथील खिडक्या बंद असतात, व्यायामाचा घाम व श्वासाची वाफ खोलींतच राहते. प्लास्टिकखालीं कोंडलेली ओल गालिच्यांत बुरशी धरविते, आणि धुळींतील सूक्ष्म किडे दमट जागींच वाढतात. दर दोन-तीन महिन्यांनीं सर्व उचलून गालिचा यंत्रानें झाडावा व दिवसभर मोकळा ठेवावा. आतां हें करावयाचें तर तुकडे एका माणसास उचलतां आले पाहिजेत. बाजारांत प्लायवुडचा तक्ता २४४ सेंटिमीटर लांब व १२२ सेंटिमीटर रुंद मिळतो. १८ मिलिमीटर जाडीचा असा तक्ता तीस किलोग्रॅमांहून जड भरतो. म्हणून दोन तक्ते घेऊन प्रत्येकाचे मधोमध दोन भाग करावे, असें आम्हीं सुचविलें. चार चौकोन होतात. त्यांच्या कडा घासून, सांध्यांवर लोखंडाच्या पातळ पट्ट्या आंखूड स्क्रूंनीं बसवाव्या. स्क्रूचें टोंक खालीं निघून गालिच्यांत शिरतां कामा नये.

वरच्या मजल्याला हें पेलेल काय? ब्रिटनमध्यें राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरास सुमारें १५० किलोग्रॅम भार धरून आंखतात. १८ मिलिमीटर प्लायवुड आणि १० मिलिमीटर रबर मिळून दर चौरस मीटरास वीस-बावीस किलोग्रॅम भरतात. म्हणजे आच्छादनाची चिंता नाहीं. जड यंत्रें मात्र खोलीच्या मध्यभागीं न ठेवतां, तुळया जेथें भिंतींत टेंकतात त्या बाजूस व अनेक तुळयांवर आडवीं येतील अशीं ठेवावीं. चालतांना जमीन हलत असेल तर जाणत्या कारागिरास दाखविल्यावांचून पुढें जाऊं नये.

घरमालकाचीहि बाजू आहे. इंग्लंडांत भाडेकरूची अनामत २००७ सालापासून मान्य योजनेंत सुरक्षित ठेवावी लागते, व २०१९ च्या कायद्यानें ती सामान्यतः पांच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेतां येत नाहीं. तथापि नेहमींच्या झिजेपलीकडील नुकसान तींतून कापलें जाऊं शकतें. म्हणून आधीं लेखी परवानगी घ्यावी व गालिच्याचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. स्वतःचें घर असतें तर आम्हीं गालिचाच काढावयास सांगितलें असतें.

आमच्या विद्यार्थ्यानें हें सर्व अक्षरशः केलें. खोली तीन मीटर लांब व अडीच मीटर रुंद. चार चौकोनांनीं ती बहुतेक व्यापली. सर्वत्र दहा मिलिमीटर रबर, वजनें ठेवण्याच्या कोपऱ्यांत आणखी एक जाड थर, कडेला उतरती पट्टी. मातोश्रींकरितां खिडकीजवळ भिंतीला पाठ लावून एक खुर्ची, आणि तिच्यापुढें दुसरें कोणतेंहि अंथरूण नाहीं. ट्रेडमिल आलें त्या दिवशीं कळलें कीं, खोलीचें दार आंत उघडतें, आणि नवी जमीन जुन्या गालिच्याहून २८ मिलिमीटर वर आली आहे. दार अर्ध्यावर येऊन प्लायवुडास टेंकलें. आम्हीं भार मोजला, पतन मोजलें, तुळया मोजल्या. दार मोजावयाचें राहिलें. तीन दिवस ट्रेडमिल जिन्याच्या तोंडाशीं उभें होतें व घरांतील मंडळी त्यास वळसा घालून जात होती. शेवटीं दाराच्या फिरतीपुरता कोपरा करवतीनें कापून काढला, आणि कापलेल्या कडेला तशीच उतरती पट्टी लावली.

मनगटाचें प्लास्टर निघालें आहे. हात न टेंकतां दहा वेळां उठून बसतां येतें, असें मातोश्रींनीं परवां स्वहस्तें लिहिलें. अक्षर अजून थोडें तिरपें येतें.