राखेतून घ्यावयाचा बोध

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत लावून दिला आहे. ते वत्सगुल्म म्हणजेच आपले वाशीम. असा वारसा सांगणाऱ्या नगरीस कोल्हापूरचा आघात परका वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले आणि पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव लाभलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती!

शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला, हे उचितच झाले. परंतु रंगमंदिराची किंमत त्याची राख झाल्यावरच कळावी काय? आग एका रात्रीत जाळते, उपेक्षा वर्षानुवर्षे पोखरते. शहराच्या मध्यवस्तीत जागेचे मोल वाढले की दुकानांचे भाडे मोठे दिसू लागते आणि नाट्यगृह अडगळ ठरते. राजाश्रयाचा काळ सरला. आजचे आश्रयदाते नगरपालिका आणि तिकीट काढून बसणारा नागरिक हेच होत. पहिलीने अंदाजपत्रकात देखभालीची व अग्निसुरक्षेची तरतूद करावी, दुसऱ्याने खुर्ची रिकामी ठेवू नये. वारसा मिरविण्याचा अधिकार तो सांभाळणाऱ्यासच असतो.