व्हीपीएन ‘कनेक्टेड’, तरी ऑफिस उघडेना!

समजा, बदलीमुळे तुम्ही कोलकात्यात खिदिरपूरला राहायला आलात आणि ऑफिस मात्र पुण्यातच आहे. सकाळी हजेरी व्हीपीएनवरून लागते. तो जोडला नाही तर त्या दिवशीची रजा मांडली जाते. त्यातून लॅपटॉप लिनक्सवर चालणारा, म्हणजे विंडोजवाल्या सहकाऱ्यांचे उपाय इथे कामाचे नाहीत.

आधी व्हीपीएन बंद करून एखादी साधी वेबसाइट उघडून बघा. तीही उघडत नसेल तर दोष व्हीपीएनचा नाही. मग घड्याळ बघा. हसू नका! फॅन्सी मार्केटमधून किंवा आणखी कुठून जुना लॅपटॉप घेतला असेल, तर आतला नाण्याएवढा सेल बहुधा संपलेला असतो आणि तारीख काही वर्षं मागे जाते. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं समजून ओपनव्हीपीएन नकार देतो. वायरगार्डलाही मागे गेलेलं घड्याळ चालत नाही. सेटिंगमध्ये वेळ आपोआप घेण्याचा पर्याय सुरू करा आणि सेल बदलून घ्या.

वायरगार्डची एक खोड आहे: अडला तरी तो तक्रार करत नाही. टर्मिनलमध्ये ‘सुडो डब्ल्यूजी शो’ ही आज्ञा दिल्यावर ‘लेटेस्ट हँडशेक’ ही ओळ दिसली नाही, तर समोरून उत्तरच आलेलं नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. त्यावर जोडला गेला तर घरच्या वायफायवर यूडीपी अडवलं जात असावं. ओपनव्हीपीएन असेल तर ऑफिसकडे टीसीपी ४४३ पोर्टची सोय मागा. सुरक्षित वेबसाइट याच पोर्टवरून चालतात, त्यामुळे तो सहसा कुणी बंद करत नाही.

खरा वैताग पुढे आहे. ‘कनेक्टेड’ दिसतं, पण काहीच उघडत नाही. आयपी पत्ता टाकून उघडतं आणि नावाने नाही, तर गडबड डीएनएसची. छोटी पानं येतात, मोठी अडकतात, तर एमटीयू १४२० वरून १२८० करून बघा. आणि घरचा राउटर व ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते असतील, तर लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो! घरच्या राउटरची मालिका बदलली की काम झालं.

विकतच्या व्हीपीएनची गोष्ट वेगळी. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने अशा कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे यादीत ‘इंडिया’ लिहिलेला सर्व्हर प्रत्यक्षात परदेशात असू शकतो. तो मंद वाटला तर लॅपटॉपला बोल लावू नका.

एवढं करूनही जमलं नाही, तर नेमकी वेळ लिहून त्या वेळची नोंद आयटी विभागाला पाठवा. वायरगार्डची फाइल मात्र जशीच्या तशी व्हॉट्सॲपवर टाकू नका. त्यात ‘प्रायव्हेट की’ असते. ती ज्याच्या हाती पडेल, तो तुमच्या नावाने ऑफिसात शिरू शकतो.