सामाईक भांडवलाची उधळपट्टी

किडीला स्वतःच तोंड देणारे बियाणे शेतकऱ्याच्या हाती देण्याइतका स्वस्त उपाय शेतीशास्त्रात क्वचितच सापडेल. त्यात फवारणीचा खर्च वाचतो, विषबाधेचे भय टळते आणि लाभ लहान शेतकऱ्यालाही मिळतो. मात्र हे भांडवल अक्षय नसते, याचा विसर धोरणकर्त्यांना वारंवार पडतो.

फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1973 साली तपकिरी तुडतुड्यांना दाद न देणारे ‘आयआर 26’ हे भाताचे वाण प्रसृत केले. ते झपाट्याने पसरले आणि थोड्याच वर्षांत त्यावरही पोसणारे तुडतुडे निपजले. मग 1976 मध्ये गुरुदेव खुश यांच्या प्रयत्नांतून वेगळ्या जनुकाचे ‘आयआर 36’ आले; ते अधिक टिकले. एकच जनुक लक्षावधी हेक्टरांवर पेरला की, त्यावर मात करणाऱ्या विरळ किडीलाच वंशविस्ताराची मोकळीक मिळते. इंडोनेशियात तर अनुदानित विषांनी तुडतुड्यांचे शत्रू असलेल्या कोळ्यांचाही नाश होत होता. तेथील सरकारने 1986 मध्ये भातावर 57 कीटकनाशकांना बंदी केली आणि पुढे अनुदानही बंद केले. तरीही भाताचे उत्पादन कोसळले नाही.

हाच धडा विदर्भातील कापसाने दिला. बीटी कापसात प्रतिकार आला तो जिवाणूच्या जनुकामुळे. पण निसर्गाचा नियम तोच. 2002 मध्ये परवानगी मिळालेल्या या बियाण्याबरोबर बिगर-बीटी कापसाचे थोडे बियाणेही दिले जाई. शेताच्या कडेने ते पेरावे, म्हणजे तेथील साध्या पतंगांशी संकर होऊन किडीची प्रतिकारशक्ती विरळ राहील, अशी योजना होती. बहुसंख्य शेतकऱ्यांनी ते पेरले नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने हाहाकार माजवला.

यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु कडेच्या ओळींचे नुकसान त्याचे एकट्याचे आणि लाभ मात्र साऱ्या तालुक्याचा, असा हा व्यवहार होता. अशा व्यवहारात तोशीस सोसणाऱ्याला भरपाई देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

नवे वाण शोधणे ही एकदाच करावयाची भांडवली गुंतवणूक नव्हे. कालव्यातील गाळ काढण्यासारखा तो नित्याचा खर्च आहे. कृषी विद्यापीठांतील पैदासकारांची पदे रिक्त ठेवून वाचवलेला पैसा उद्या शेतकऱ्याच्याच खिशातून, फवारणीच्या रूपाने, वसूल होतो.