दिव्यांग तरुणांना गृह व समुदाय आधार : अमरावती-अकोला परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
दिव्यांग बालकासाठी आपल्याकडे विशेष शाळा, वसतिगृह व बालगृह अशी काही ना काही व्यवस्था आढळते. वयाची 18 वर्षे पूर्ण होताच यातील बहुतेक दारे बंद होतात. स्नान, भोजन, प्रवास यांसाठी लागणारी मदत मात्र त्या दिवशी संपत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 29.63 लक्ष दिव्यांग व्यक्ती होत्या. देशपातळीवर त्यांपैकी सुमारे 69 टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. म्हणजे हा प्रश्न प्रामुख्याने गावातील घराचा आहे, संस्थेचा नव्हे. प्रस्तुत लेखात त्याचा वऱ्हाडच्या संदर्भात विचार केला आहे.

कायद्याची भाषा :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 5 ने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे. दिव्यांग व्यक्तीस विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती होऊ नये व तिला घरी, निवासी केंद्रात आणि समुदायात आधारसेवा, वैयक्तिक साहाय्यकासह, उपलब्ध व्हावी, असे हे कलम सांगते. कलम 24 मध्ये अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. तथापि पहिल्या ठिकाणी शासन ‘प्रयत्न करील’ अशी शब्दयोजना आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी अट आहे. हक्क आणि सेवा यांतील अंतर या दोन शब्दप्रयोगांत सामावले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

वझ्झरचा प्रयोग :
ज्यांना घरच नाही त्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अमरावती जिल्ह्यातच शोधले गेले. अचलपूर तालुक्यात परतवाड्याजवळील वझ्झर येथे श्री. शंकरबाबा पापळकर यांनी स्व. अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर बालगृहात शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलांना वाढविले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार ‘बालक’ 18 वर्षांपर्यंतच असते. पुढील अनुरक्षण हे मर्यादित काळापुरते व स्वावलंबनाच्या अपेक्षेने असते. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेला तरुण त्या वयात जाणार कोठे? म्हणूनच बेवारस दिव्यांगांना 18 वर्षांनंतरही बालगृहात राहू देणारा कायदा व्हावा, ही पापळकरांची दीर्घकाळची मागणी आहे.

वझ्झरचे महत्त्व केवळ निवासात नाही. मुलांच्या नावापुढे पापळकरांनी पिता म्हणून स्वतःचे नाव लावले, मुलींचे विवाह लावून दिले. येथे वाढलेल्या एका दृष्टिहीन युवतीने 2024 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यश मिळविले. येथे संस्थेने नात्याचे रूप घेतले आहे. परंतु असे नाते एका व्यक्तीच्या आयुष्यावर उभे असते. जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची नक्कल शासननिर्णयाने करता येणार नाही.

घर असलेल्यांचे काय?
आई-वडील असलेल्या तरुणाची स्थिती वरकरणी बरी दिसते. प्रत्यक्षात सारा भार बहुधा आईवर असतो आणि तिचे वय वाढत असते. ‘आमच्या माघारी याचे कसे होईल?’ हा पालकांचा प्रश्न भावनिक तर आहेच, तो कायदेशीरही आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 अन्वये स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालकत्वाची तरतूद आहे. त्यासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. समितीत जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यासह नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते. अकोट-तेल्हाऱ्याच्या किंवा धारणीच्या शेतमजूर कुटुंबाला ही समिती ठाऊक असेल, अशी अपेक्षा धाडसाचीच ठरेल. धारणीहून अमरावती गाठायचे म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटरचा घाट व एका दिवसाची मजुरी.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मासिक साहाय्य मिळते. ते आवश्यक आहे. पण पैसा हाती आला तरी आजारी आईच्या जागी दोन तास बसणारे माणूस त्यातून गावात निर्माण होत नाही. राज्यात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. हा निधी वस्तुवाटपापेक्षा गावातील एखाद्या प्रशिक्षित मदतनीस महिलेच्या मानधनाकडे वळविणे अधिक उचित होईल. लहान ग्रामपंचायतींचे स्वउत्पन्नच तुटपुंजे असते, हे खरे. अशा ठिकाणी तीन-चार गावांनी मिळून एक मदतनीस ठेवता येईल. काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय न्यासाने ‘सहयोगी’ ही योजना आखलेली आहे.

येथे महाविद्यालयांचा संबंध येतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी दत्तक गावात होते. समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी गावोगाव जातात. रस्ता झाडण्याबरोबर त्यांनी गावातील 18 ते 35 वयोगटातील दिव्यांगांची यादी केली, कोणाजवळ प्रमाणपत्र नाही, कोणाचा पालकत्वाचा अर्ज करावयाचा आहे व कोणाच्या घरी दिवसातून किती तास मदतीची गरज आहे, एवढे जरी नोंदविले, तरी ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगा कागद तयार होईल. त्यासाठी स्वतंत्र अनुदानाची आवश्यकता नाही.