शोषखड्डा खोदण्याआधी

आपल्या ढाणकीपासून पैनगंगा नदी ओलांडली की नांदेड जिल्ह्यातला हिमायतनगर तालुका लागतो. तिथल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली आणि डास हटवले. पुढे हाच प्रयोग 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखला गेला. साधारण चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधोमध सिमेंटची टाकी, भोवती दगड. मोरीचं पाणी टाकीत येतं, गाळ तळाशी बसतो, पाणी वरच्या छिद्रांतून दगडांत झिरपतं. गाळ वेळोवेळी काढलाच पाहिजे, नाहीतर खड्डा तुंबतो.

आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते, पाणी पीत नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावं. खाली भेगाळ काळा पाषाण लागला तर मात्र थांबावं. भेगांमधून सांडपाणी न गाळताच विहिरीत उतरतं. विहीर, बोअर खड्ड्यापासून निदान 15 मीटर दूर हवी. संडासाचं पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नये.

ते ज्यात जातं त्या सेप्टिक टँकशी तर जिवाशीच गाठ आहे. आतला वायू क्षणात बेशुद्ध करतो, वाचवायला उतरणाराही जातो. माणसाला सुरक्षा साधनांशिवाय आत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा यंत्रानेच करावा.