रेसिपी तीच, हॉप्स वेगळे: पेल एलचं गणित

या आठवड्याच्या व्हिडिओत केन ग्रॉसमनला दोन मिनिटांत उरकलं. गणित करून दाखवायला वेळच नव्हता, ते इथे लिहिते.

हा माणूस आधी आपल्यासारखाच दुकानदार. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावात त्याने घरी बिअर बनवणाऱ्यांना लागणाऱ्या सामानाचं दुकान काढलं. मग पॉल कॅमुसीबरोबर, घरच्यांकडून-मित्रांकडून पैसे उभे करून आणि डेअरीची जुनी भांडी जमवून, सिएरा नेवाडा ब्रूअरी. 1980 मध्ये बिअर बनायला लागली. चव स्थिर होईपर्यंत पेल एलच्या कितीतरी बॅचेस त्याने ओतून दिल्या. उसन्या पैशांवर धंदा असताना हे करायला छाती लागते!

पेल एल मूळची इंग्लंडची. तिथले फगल, गोल्डिंग्ज हे हॉप्स मातकट, फुलांसारख्या वासाचे. (हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, बिअरला कडवटपणा आणि वास देणारी.) ग्रॉसमनने त्या जागी कॅस्केड वापरले, 1972 मध्ये ओरेगनमधून बाजारात आलेली अमेरिकन जात. वास पपनसाच्या जवळचा. तीच त्याच्या बिअरची ओळख झाली.

आता गणित. समजा 19 लिटरच्या रेसिपीत 60 मिनिटं उकळायला 30 ग्रॅम कॅस्केड लागतात, अल्फा अ‍ॅसिड 6 टक्के. पुरवठादार म्हणतो कॅस्केड संपले, सेंटेनियल घ्या, 10 टक्केवाले. 30 गुणिले 6 म्हणजे 180, भागिले 10 म्हणजे 18 ग्रॅम. कडवटपणा साधारण तेवढाच राहतो. आकडा मात्र हातातल्या पाकिटावरचा घ्या, पुस्तकातला नको, कारण तो दर हंगामात बदलतो. माझ्या दुकानात मिरचीचा नवा लॉट आला की तिखटाचं माप पुन्हा बघावं लागतं, तसंच हे.

शेवटच्या पाच मिनिटांत पडणाऱ्या हॉप्सना हे गणित लावू नका. ते वासासाठी असतात, आणि वास टक्क्यांत मोजता येत नाही. तिथे एकच बॅच आंबल्यावर दोन भांड्यांत वाटायची, एकात जुने हॉप्स, दुसऱ्यात नवे. माल्ट, यीस्ट, पाणी यांना हात लावायचा नाही. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर चव कशाने फिरली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हो, एक महत्त्वाचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं हाच गुन्हा आहे, विकणं तर लांबच. या धंद्यात उतरायचं असेल तर आधी राज्य उत्पादन शुल्क विभाग, मग भांडी.

पण चवीची चाचणी तुम्ही लोणचं, मसाला, कोकम सरबत, कशावरही आजच करू शकता. सहाजणांना बसवा. प्रत्येकापुढे तीन पेले, दोनांत जुना माल, एकात नवा (किंवा उलट), क्रम प्रत्येकाला वेगळा. विचारायचं एवढंच: यातला वेगळा कोणता? "आवडला का" हे विचारूच नका, लोक तोंडावर गोडच बोलतात. नुसत्या अंदाजाने साधारण दोघांचं उत्तर बरोबर येतंच. पाच किंवा सहाजणांनी ओळखलं, तर चव खरंच बदलली आहे, आणि जुन्या लेबलखाली तो माल जाऊ द्यायचा नाही.