कपाट भिंतीच्या मापाचे की हाताच्या मापाचे?

एका मैत्रिणीने हौसेने स्वयंपाकघरात नवी कपाटे करून घेतली. छतापर्यंत पोहोचलेली, चकचकीत सनमायक्याची. येणारा-जाणारा प्रत्येक जण तोंड भरून कौतुक करत होता. महिनाभरातच कळले, की चहापूड काढायला स्टुलावर चढलेल्या तिच्या सासूबाई घसरल्या आणि मनगटाचे हाड मोडले.

दिवसातून चार वेळा लागणारी चहापूड साडेसहा फुटांवर गेलीच कशी? कारण साधे होते. सुताराशी सगळी बोलणी मैत्रिणीच्या यजमानांनी केली होती. भिंतीचे माप घेतले, पण त्या भिंतीसमोर रोज उभ्या राहणाऱ्या दोघींना कोणी काही विचारलेच नाही.

आपणही घरी सुतार बोलावून कपाट करून घेणार असाल, तर तो येण्याआधी टेप, पेन्सिल आणि वही घेऊन स्वतः कामाला लागा.

आधी माप माणसाचे

घरात चपला घालत असाल तर त्या घालून सरळ उभ्या राहा आणि कोपर काटकोनात वाकवा. ओटा कोपरापासून चार ते सहा इंच खाली असावा. पाच फूट उंचीच्या स्त्रीसाठी तो साधारण ३२ ते ३३ इंच येतो. ओटा उंच झाला तर खांदे भरून येतात, ठेंगणा झाला तर कंबर दुखते.

आता हात वर करून, टाचा न उचलता, भिंतीवर खूण करा. घरातील सर्वांत बुटक्या व्यक्तीचीही खूण घ्या. रोजच्या वस्तूंचा वरचा खण या खुणेच्या तीन-चार इंच खालीच हवा. ओटा २४ इंच रुंद असेल, तर वरचे कपाट १२ इंच खोल पुरे. म्हणजे वाकताना डोके आपटत नाही. दोन्हींमध्ये २० ते २४ इंच अंतर ठेवा. शेगडीच्या बरोबर वर मात्र कपाट नकोच.

मग माप डब्यांचे

सगळे डबे, पातेली जमिनीवर मांडा आणि तीन गट करा: रोज लागणारे, आठवड्याला लागणारे आणि सणावारी लागणारे. रोजचे डबे कंबर ते डोळे या उंचीत बसवा. तांदूळ, कणीक, तेलाचा डबा अशा जड वस्तू खाली. सर्वांत उंच डब्यापेक्षा खण दोन इंच जास्त ठेवा, म्हणजे हात सहज जातो. फळी अडीच फुटांपेक्षा लांब करू नका. भरलेल्या डब्यांच्या वजनाने ती मध्ये वाकते.

प्लायवूड घेताना

प्लायवूडचा पूर्ण तक्ता ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फुटांचा असतो. कोणता तुकडा कोठून कापायचा, हे सुताराकडून आधी कागदावर काढून घ्या. एखादा तक्ता सहज वाचतो. कपाटाच्या सांगाड्याला आणि दारांना १८ किंवा १९ मिलिमीटर जाडी लागते, मागच्या बाजूला ६ मिलिमीटर चालते. सिंकजवळ मरीन प्लायवूडच वापरा. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ७१० हा क्रमांक पाहून घ्या. पाणी शिरते ते कापलेल्या कडांतून, म्हणून आतल्या, न दिसणाऱ्या कडाही बंद करून घ्या. कपाट जमिनीपासून चार इंच वर असावे; लादी पुसताना ओल लागत नाही आणि वाळवी लागलीच तर लवकर दिसते.

टांगायचे कपाट खिळ्यांवर कधीही सोडू नका. भिंतीत प्लग ठोकून स्क्रूनेच बसवा. भिंत चार इंची असेल, तर ती भरलेल्या कपाटाचे वजन पेलेल का, याची खात्री करून घ्या.

सिलिंडर कोंडू नका

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो. सिलिंडरच्या कपाटाला खाली आणि वर, दोन्हीकडे हवा जायला जाळी हवीच. सिलिंडर नेहमी उभा ठेवा. काहीही न हलवता रेग्युलेटरपर्यंत हात पोहोचला पाहिजे.

हिशेब वहीतच

मजुरी रोजावर की चौरस फुटावर, फुटावर असेल तर मोजमाप कोणत्या बाजूचे, बिजागऱ्या-मुठी कोणी आणायच्या, हे काम सुरू होण्याआधी लिहून काढा. शेवटचा हप्ता द्यायचा तो कपाट भरून, प्रत्येक दार उघडून-लावून पाहिल्यावरच.

माझ्या मैत्रिणीने कपाटे तोडली नाहीत. ओट्याच्या वर, सासूबाईंच्या हाताशी येईल अशी नऊ इंच खोलीची एक साधी उघडी फळी तेवढी लावून घेतली. तिच्यावर आता चहा, साखर, मीठ आणि मिसळणाचा डबा असतो. उंचावर चकलीचा सोऱ्या आणि मोदकपात्र गेले आहे. वर्षातून दोन-चारदा ते मुलगा काढून देतो. सासूबाईंचे मनगट बरे झाले आहे आणि सकाळचा पहिला चहा पुन्हा त्याच करतात.